देवपूर (धुळे): पांझरेच्या पलीकडचं गाव आणि तिथली 'थोर माणसं'

पांझराकाठ

सध्या व्हॉट्सॲपवर 'देवपूरची थोर माणसं' नावाची एक यादी फिरतेय. राजवाडे, विनोबा, साने गुरुजी, विश्वेश्वरय्या, शंकरराव देव, सगळे देवपूरचे रहिवासी! देवांच्या नावापुढे फोटो तर काँग्रेसच्या शंकरराव देवांचा लावलाय. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव वेगळे. वकिली करता करता समर्थ वाङ्मयाच्या पोथ्या गोळा करण्यात जन्म घालवलेला माणूस. एवढं जरी तपासलं असतं तरी बाकीच्या नावांवर थोडा विश्वास ठेवला असता.

मी देवपूरचाच, आपल्या भागाचं कौतुक मलाही आहे. पण दुसऱ्याच्या वाड्यातली माणसं आणून आपल्या ओट्यावर बसवायची, हे पटत नाही. म्हणून हा धागा. जे आपलं ते ठणकावून आपलं म्हणू, बाकीचं ज्याचं त्याला देऊ.

नवीन लोकांसाठी: पांझरेच्या दक्षिण काठावर धुळे, उत्तर काठावर देवपूर. धुळ्याची गोष्ट कागदोपत्री बरीच सापडते. १८०३ मध्ये होळकरांच्या स्वाऱ्या आणि त्याच सालचा दुष्काळ, दोन्ही मिळून गाव ओस पडलं. पुढच्या वर्षी पेशव्यांचे सरदार विंचूरकर यांच्या पदरच्या बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवलं. लळिंग आणि सोनगीर या परगण्यांचा कारभार पुढे त्यांच्याकडे आला आणि त्यांनी ठाणं धुळ्यात केलं. १८१८ ला इंग्रज आले. कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्यालाच खानदेशचं मुख्य ठिकाण केलं आणि १८१९ पासून कचेऱ्या बांधायला घेतल्या. तेव्हा गावात घरं ४०१ आणि माणसं २५०९. चारी बाजूंनी बागायत, एकीकडून पाट, दुसरीकडून नदी, मध्ये गाव. ब्रिग्जने बाहेरच्या व्यापाऱ्यांना घरासाठी बिनभाड्याने जागा दिल्या, बांधकामाला उचल दिली, लांबून कारागीर आणले.

हे सगळं त्या काठावर. देवपूर म्हणजे आग्र्याच्या वाटेवर नदी उतरून गेलं की लागणारं खेडं. माळव्याकडे जाणारी प्रत्येक गाडी, प्रत्येक तांडा आधी पांझरेत उतरणार, मग देवपूर, मग नगावबारी, मग सोनगीर. माझ्या मते देवपूरचा सगळा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो: नदी ओलांडायची कशी? मोठा पूल झाला तेव्हा देवपूर धुळ्याला चिकटलं. पूर आला की आजही तुटतं.

लिहा. पण तपासून लिहा.

एमएच_अठरा

भाऊ, एवढं कशाला ताणायचं? देवपूर महापालिकेतच येतं ना? मग धुळ्याचा माणूस तो आपला माणूस. आणि विश्वेश्वरय्यांचं नाव यादीत हवंच. आख्खं धुळे शहर त्यांनी आखलंय. गल्ली नंबर एकपासून बघत जा, पट्टीने रेघा ओढल्यासारख्या सरळ. उगाच नाही.

जुनी_दफ्तरं

हे विश्वेश्वरय्या प्रकरण एकदाचं मिटवूया. ब्रिग्जचं नवं धुळे वसायला लागलं १८१९ नंतर. विश्वेश्वरय्यांचा जन्म त्याच्या चाळीसेक वर्षांनंतरचा. नव्या धुळ्याच्या सरळ रस्त्यांचं आणि जुन्या धुळ्याच्या वेड्यावाकड्या बोळांचं वर्णन ब्रिटिश गॅझेटियरांत आहे. आता सांगा, जन्माआधी गल्ल्या कशा आखल्या?

पण त्यांचा पांझरेशी संबंध आहे आणि तो शहर आखण्याच्या गप्पेपेक्षा भारी आहे. १८८४ मध्ये पुण्याहून इंजिनियरिंग करून ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियर म्हणून लागले आणि सुरुवातीलाच खानदेशात आले. साक्रीकडच्या दातर्ती गावाजवळ पांझरेच्या पात्राखालून पाटाचं पाणी पलीकडे न्यायचा नळांचा सायफन बांधायचा, हे त्यांचं अगदी पहिल्या कामांपैकी एक. पुढे कृष्णराजसागर वगैरे बांधणाऱ्या माणसाने हात साफ केला तो आपल्या नदीवर. यादीत लिहायचंच तर हे लिहा. 'रहिवासी' मात्र नको.

सुनंदा_वाडीभोकर

पांझराकाठ, धागा छान. पण तुम्ही सुरुवातच ब्रिग्जपासून केलीत! देवपूर म्हटलं की आधी एकवीरा आई. साहेबलोक नंतर.

एकवीरेचं देऊळ नदीच्या या काठावर, म्हणजे निर्विवाद देवपूरचं. खानदेशातल्या किती घरांची ती कुलस्वामिनी आहे हे चैत्रातल्या यात्रेत उभं राहिलं की कळतं. जावळं काढायला, नवी जोडपी घेऊन, शिरपूर-शिंदखेड्याकडून, पार गुजरातच्या बाजूनेही लोक येतात. माझ्या सासूबाई सांगतात, पूर्वी यात्रेकरू बैलगाड्या सोडून नदीच्या वाळूतच मुक्काम करायचे, तिथेच चुली मांडायचे. पात्रात तेवढी वाळू होती म्हणजे. आता वाळूच्या जागी गाजरगवत आणि दोन्ही काठांनी डांबरी रस्ते.

आणि कानबाई राहिली, आपली खानदेशची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, रात्रभर जागर, रोटांचा स्वयंपाक, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर. त्या सकाळी दोन्ही काठांवरून बाया डोक्यावर कानबाई घेऊन उतरतात. धुळ्याच्या आणि देवपूरच्या बाया एकाच पाण्यात समोरासमोर. तेव्हा कोण कुठल्या काठाची हे कोणी विचारत नाही, तुमचा वाद पुरुषांचा आहे.

बोरीकाठचा

अमळनेरथून राम राम मंडळी. साने गुरुजी आमना शेतस भो, त्यास्ले हात लावू नका! प्रताप हायस्कूलमा शिकाडं त्यास्नी, तुमनाकडे फक्त जेलमा व्हतात. 😄

पांझराकाठ

@बोरीकाठचा, घेऊन जा. पण जेलचं श्रेय तरी आमच्याकडे ठेवा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एकेका अध्यायावर बोलायचं आणि साने गुरुजींनी भरभर उतरवून घ्यायचं, हे घडलं नसतं तर 'गीता प्रवचने' हातात आली नसती. २१ फेब्रुवारीला सुरू झाली, १९ जूनला संपली. अठरा अध्याय, अठरा रविवार. ऐकणाऱ्यांत जमनालाल बजाजही होते. पण तुरुंग देवपुरात नाही, आणि कैद्याला रहिवासी म्हणायचं झालं तर उद्या कोणीही कुठलाही रहिवासी होईल.

@सुनंदाताई, बरोबर आहे तुमचं. एकवीरा आधी यायला हवी होती. वाळूतल्या चुलींचं अजून लिहा की.

जुनी_दफ्तरं

राजवाड्यांबद्दल दोन ओळी, कारण यादीत त्यांना 'देवपूरचे इतिहासकार' म्हटलंय. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात गेले. त्या माणसाचा मुक्काम असा एका गावी कधी नव्हताच. दफ्तरं शोधत गावोगाव, स्वतःच्या हाताने स्वयंपाक, कोणाशी पटलं नाही की पुढचं गाव. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड असेच जमले. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये स्वतः उभं केलं आणि पुढे त्याच्याशीही बिनसलं.

ते गेल्यावर दहा दिवसांच्या आत, ९ जानेवारी १९२७ ला, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालं. भास्कर वामन भट त्यात पुढे होते. त्यांनी तातडी केली नसती तर राजवाड्यांची टिपणं, पत्रं, शब्दांच्या चिठ्ठ्या कुठे गेल्या असत्या कोण जाणे. मंडळाचं 'संशोधक' त्रैमासिक १९३२ पासूनचं. माझं मत विचाराल तर राजवाडे धुळ्याचे झाले ते मरणानंतर, या मंडळामुळे.

तीच गोष्ट नानासाहेबांची, म्हणजे शंकर श्रीकृष्ण देवांची. त्यांनी धुळ्यात काढलेली सत्कार्योत्तेजक सभा १८९३ ची, म्हणजे देव तेव्हा जेमतेम बाविशीचे. डोमगावच्या मठातल्या कल्याणस्वामींच्या प्रतीवरून त्यांनी दासबोध छापला १९०५ मध्ये. धुळ्यातल्या समर्थ वाग्देवता मंदिरात, म्हणजे पोथ्यांच्या संग्रहात, समर्थांच्या हातचं वाल्मीकि रामायण आहे. धुळ्यात जन्म काढलेले कित्येक लोक ते न बघताच गेले. मुंबईचा पाहुणा आला की त्याला मात्र दाखवायला नेतात.

एमएच_अठरा

बरं बाबा, राजवाडे परत, देव परत, विनोबा परत, गुरुजी अमळनेरला. मग देवपूरकडे उरलं काय? कॉलन्या आणि क्लासेस?

विद्यानगरी

क्लासेसला नावं ठेवू नका, आमचं घर त्यावर चालतं.

गंमत सोडा, पण हेच देवपूर आहे ना? स्वातंत्र्यानंतर कॉलेजं या काठावर आली. जयहिंद, एसएसव्हीपीएसचं सायन्स कॉलेज, नंतर इंजिनियरिंग. साक्री, शिंदखेडा, शिरपूर, नंदुरबार, तळोद्याची पोरं एसटीने उतरायची आणि खोली करून राहायची. प्राध्यापक, झेडपीचे मास्तर, पाटबंधाऱ्यातले क्लार्क यांनी प्लॉट घेतले, सोसायट्या केल्या. दत्त मंदिर, इंदिरा गार्डन, जीटीपी स्टॉप, वाडीभोकर रोड असं करत देवपूर वलवाडीला जाऊन भिडलं. ज्या आई-बापांनी शेत गहाण टाकून पोरांना इथे शिकवलं ते 'थोर रहिवासी'च्या यादीत येणार नाहीत. पण देवपूर त्यांच्याच पैशांवर उभं राहिलं. खोलीभाडं, डबा, झेरॉक्स.

पाटकऱ्याचा_नातू

पहिल्या पोस्टमध्ये पाटाचा एका शब्दात उल्लेख करून पुढे गेलात, तिथे थांबायला हवं होतं. धुळ्याला एका बाजूने पाट होता म्हणता, तो पाट कोणाचा? फडाचा. पांझरेचा खरा इतिहास तिथे आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पांझरेवर साक्रीपासून खाली ओळीने दगडी बंधारे. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखालची गावाची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात. एका फडात एका हंगामाला एकच पीक: ऊस असेल तर सगळा ऊस, गहू तर सगळा गहू. पुढच्या वर्षी फेरपालट. एका फडात एकच पीक असल्याने पाणी एकदम सोडता येतं, कमी मुरतं, आणि 'याला जास्त, मला कमी' हे भांडण निम्मं तिथेच संपतं. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी पंच बसून ठरवतात, अमुक फड भिजवायचा, अमुक कोरडा. कोरड्या फडात सगळ्यांचाच तुकडा असल्याने झळ सगळ्यांना सारखी.

पाणी वाटायला पाटकरी. तो शेतकऱ्याच्या सांगण्यावरून बारं (शेतात पाणी सोडायचं तोंड) उघडत नाही, त्याला क्रम ठरलेला असतो. राखणीला जागल्या. वर देखरेखीला हवालदार. पगार धान्यात. पावसाळ्याआधी पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा, जो येणार नाही त्याला दंड. माझे आजोबा पाटकरी होते. सख्ख्या भावाच्या शेताला वेळेआधी पाणी दिलं नाही म्हणून घरात महिनोन्महिने अबोला होता, हे मी आजीकडून ऐकलंय.

आणि @जुनी_दफ्तरं, विश्वेश्वरय्यांचा धागा इथे जुळतो बघा. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी 'ब्लॉक पद्धत' आणली. जमिनीचे गट पाडून, पिकांची फेरपालट ठरवून, पाणी मोजून. पांझरेच्या पाटांवर काम केलेल्या माणसाला ते कुठून सुचलं असेल? मला तर ती फडाचीच सरकारी आवृत्ती वाटते. माझा अंदाज आहे, पण आमच्या शिवारात उभं राहून दुसरा अंदाज करवत नाही.

जुनी_दफ्तरं

वा. हे वेगळा लेख म्हणून टाका. अंदाज पटण्यासारखा आहे, फक्त अंदाज म्हणूनच ठेवा, नाहीतर पुढच्या महिन्यात व्हॉट्सॲपवर 'विश्वेश्वरय्यांना फड शिकवणारे पाटकरी' म्हणून तुमच्या आजोबांचा फोटो फिरेल.

सुनंदा_वाडीभोकर

वरच्या बाजूला लाटीपाडा झालं, मालनगाव झालं, अक्कलपाडा झालं. खालच्या बंधाऱ्यांचं काय झालं हे पण लिहा नातूसाहेब. नदीला पाणी केव्हा येणार हे आता पंच ठरवत नाहीत, गेट ठरवतं.

पाटकऱ्याचा_नातू

खरंय ताई. धरणं झाल्यावर आवर्तनाची वाट बघायची वेळ आली, विहिरी आणि मोटरी आल्या, ज्याला पैसा त्याने बोअर केलं. एका फडात एक पीक ठेवायला मग कोणी बांधील राहत नाही. काही गावांत फड अजून चालतो, काही ठिकाणी पाट बुजला आणि वर घरं झाली. शहराजवळ तर बुजलाच.

आग्रारोडवाला

पुराबद्दल कोणी लिहिलं नाही? १८७२ च्या पुराने धुळ्यात घरादारांचं फार नुकसान केलं होतं. आणि आपल्या डोळ्यांदेखतचा ऑगस्ट २०१९ चा. अक्कलपाड्यातून पाणी सोडलं, पूल बंद, आणि देवपूर इकडे, दवाखाने-बाजार तिकडे. माझं दुकान त्या काठावर, घर या काठावर. पुलावरून रोज जाताना खाली नाला वाहतोय असं वाटायचं. त्या दिवशी काठावर उभं राहवेना इतका आवाज होता. बायपासने वळसा घालून रात्री घरी पोचलो.

चिमठाण्याचं पण सांगतो. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना क्रांतिकारकांनी चिमठाण्याजवळ लुटला, साडेपाच लाखांच्या आसपास. डॉ. उत्तमराव पाटील, साताऱ्याकडचे जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी ही मंडळी त्यात होती. ती गाडी पांझरा उतरून देवपुरातूनच गेली असणार, दुसरा रस्ता कुठला?

एमएच_अठरा

म्हणजे देवपूरचं योगदान: खजिन्याची गाडी जाऊ दिली. 😂 हे टाका यादीत.

पांझराकाठ

टाकतो! 'देवपूरवरून गेलेले' असा वेगळा रकानाच करतो.

मला खरं तर एकच नाव या काठाचं म्हणून ठामपणे सुचतंय. शिल्पकार राम सुतार. गोंदूरला १९ फेब्रुवारी १९२५ चा जन्म. धुळ्यात श्रीराम कृष्ण जोशी यांनी हात धरून शिकवलं, मग मुंबईचं जे. जे., १९५३ चं मेयो सुवर्णपदक. त्यानंतर पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या मूर्तींच्या दुरुस्तीवर काम. ते काम मला फार महत्त्वाचं वाटतं. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराची छिन्नी कुठे कशी फिरली हे रोज बोटांनी तपासणारा माणूस पुढे चंबळेवर गांधीसागर धरणाशी पंचेचाळीस फुटी चंबळदेवी उभी करतो, संसद भवनाच्या आवारातला बसलेला गांधी करतो, आणि नव्वदी ओलांडल्यावर १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा. मला स्वतःला तो पटेलांचा पुतळा उंचीमुळे बघावासा वाटतो, पण सुतारांचं सगळ्यात चांगलं काम तो बसलेला गांधीच. डोळे मिटलेले, आणि तरी जिवंत.

गोंदूर रोड देवपुरातूनच निघतो. त्यामुळे हे नाव आपलं.

गोंदूरकर

थांबा थांबा. इतका वेळ गप्प वाचत होतो.

राजवाडे धुळ्याला परत केलेत, गुरुजी अमळनेरला दिलेत, फार तत्त्वाची भाषा चालली होती. आणि आता आमचे रामभाऊ रस्त्याच्या नावावरून उचलता? गोंदूर रोड देवपुरातून निघतो, पोचतो गोंदूरला. गोंदूर स्वतंत्र गाव आहे. रामभाऊ गोंदूरचे.

बोरीकाठचा

बरं जिरवं भो! 👏

पांझराकाठ

@गोंदूरकर, मान्य. पण तुमच्या गावाला विमानतळ आहे तरी सगळे 'धुळे विमानतळ' म्हणतात, तिथे तुम्ही काही बोलत नाही, आणि आम्ही एक शिल्पकार मागितला तर लगेच हद्द मोजता.

यादी दुरुस्त करून उद्या ग्रुपवर टाकतो. सुनंदाताई, वाळूतल्या मुक्कामाबद्दल सासूबाईंना विचारून लिहाच. कोणत्या गावच्या गाड्या कुठे सुटायच्या, पाणी कुठलं प्यायचे, सगळं. नातूसाहेब, जुन्या पाटाची खूण शहरात कुठे दिसत असेल तर रविवारी जाऊन बघूया का? सकाळी लहान पुलाजवळ भेटू, कोण कोण येतंय ते इथेच कळवा.

विद्यानगरी

मी येतो. सातच्या आत हवं, नंतर माझी बॅच आहे.

गोंदूरकर

मीही येतो. नदी ओलांडावी लागणार नाही ना?